लंडन ते डार्विन : एमी जॉन्सन हिचे चरित्र

विद्यार्थिमित्रहो, भूगोलाच्या तासाला नकाशावर पट्टी ठेवून दोन शहरांमधील अंतर काढण्याचा अभ्यास तुमच्यापैकी प्रत्येकाने केला असेल. पट्टीवरचे इंच मोजावे, नकाशाच्या कोपऱ्यातील प्रमाणाने गुणावे, की उत्तर तयार. इंग्लंडची राजधानी लंडन आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन यांच्यामधील अंतर पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजले, तर ते सुमारे ८,६०० मैल, म्हणजे जवळजवळ १३,८५० किलोमीटर भरते. हे उत्तर शंभर वर्षांपूर्वी जितके खरे होते तितकेच आजही खरे आहे. परंतु याच दोन ठिकाणांविषयी दुसरा प्रश्न विचारला, की एकाहून दुसरीकडे जाण्यास वेळ किती लागतो, तर त्याचे उत्तर दर पिढीस पालटत आले आहे.

आगबोटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास जाण्यास एके काळी महिन्याहून अधिक अवधी लागे. १९१९ साली रॉस स्मिथ व कीथ स्मिथ या बंधूंनी दोन यंत्रज्ञ सोबत्यांसह विमानाने हा मार्ग आक्रमिला, तेव्हा त्यांना डार्विन गाठण्यास २८ दिवस लागले. १९२८ साली बर्ट हिंकलर नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक एकटाच निघाला आणि साडेपंधरा दिवसांत पोहोचला. मार्च २०१८ पासून तर लंडन आणि पर्थ या दोन शहरांमध्ये, म्हणजे डार्विनहूनही काहीशा लांबच्या पल्ल्यावर, वाटेत कोठेही न उतरता सुमारे १७ तासांत जाणारे विमान सुरू झाले. आगबोटीचा महिना आणि विमानाचे १७ तास यांच्यामध्ये जी माणसे उभी आहेत, त्यांपैकी एका स्त्रीची ही कथा आहे. तिचे नाव एमी जॉन्सन.

एमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदरात झाला. तिचे आजोबा डेन्मार्कहून येऊन तेथे स्थायिक झाले होते, आणि वडील मासळीचे व्यापारी होते. चार बहिणींत एमी वडील. घर खाऊनपिऊन सुखी, रीतीभातीचे. मुलीने शिकावे, नोकरी करावी व यथाकाळ विवाह करून संसार थाटावा, याहून वेगळी अपेक्षा कोणाची नव्हती. शेफील्डच्या विश्वविद्यालयात अर्थशास्त्राचा अभ्यास करून ती बी. ए. झाली आणि पुढे लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत चिटणिसाचे काम करू लागली. पत्रे उतरून घ्यावी, ती टंकयंत्रावर छापावी, कागद जागच्या जागी लावावे, असा तिचा दिवस जात असे. आकाशाशी तिचा संबंध म्हटला, तर तो खिडकीतून दिसेल तेवढाच.

१९२८ साली लंडनच्या वायव्येस स्टॅग लेन येथे असलेल्या विमानक्लबात तिने आपले नाव घातले. तेथे सभासदांस बेताच्या दरात उड्डाण शिकवीत असत. तथापि, वाचकहो, येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या मुलीचे नाव पुढे दुमदुमले, ती आरंभी मोठी चलाख शिष्या ठरली नाही. सामान्य शिकाऊ माणूस आठदहा तासांच्या शिक्षणानंतर एकटा उडू लागे; एमीला त्यासाठी जवळजवळ सोळा तास लागले. विमान जमिनीवर टेकविणे तिला सहजी साधत नसे, व ही उणीव तिला पुढेही अनेकदा नडली. परंतु मागे पडलो म्हणून विद्या सोडून द्यावी, हे तिच्या स्वभावात नव्हते. जुलै १९२९ मध्ये तिला वैमानिकाचा परवाना मिळाला.

एवढ्याने तिचे समाधान होईना. ज्या यंत्राच्या भरवशावर आपण आपला जीव हवेत सोपवितो, त्या यंत्राचे पोट आपल्याला ठाऊक नसावे, ही गोष्ट तिला खटके. म्हणून ती क्लबाच्या कारखान्यात जाऊ लागली. तेथील मुख्य यंत्रज्ञ जॅक हम्फ्रीज हे तिचे गुरू झाले. कचेरीतील कामापूर्वी पहाटे व काम संपल्यावर सायंकाळी ती तेथे तेलाने माखलेल्या कपड्यांत उभी राही. इंजिन खोलावे, साफ करावे, पुन्हा जोडावे. कारखान्यातील पुरुषांना प्रथम या बी. ए. झालेल्या बाईचे नवल वाटले, मग तिची सवय झाली, आणि अखेर तिच्या कामाची खात्री पटली. डिसेंबर १९२९ मध्ये भूमीवरील विमानयंत्रज्ञाचा परवाना तिने मिळविला. हा परवाना मिळविणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री होय.

यानंतर तिने मनाशी जो बेत केला तो ऐकून कोणीही हसावे असाच होता. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास एकटीने जावयाचे! आजवर तिचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे लंडनहून आपल्या माहेरच्या हल शहरापर्यंतचा. दीडशे-दोनशे मैलांपलीकडे ती कधी गेली नव्हती. समुद्रावरून दूरचे उड्डाण केलेले नव्हते. हवेत घालविलेला तिचा सारा काळ मोजला, तर तो शंभर तासांच्या आतच भरला असता. तिने पुष्कळ श्रीमंतांस व संस्थांस पत्रे लिहिली. बहुतेकांनी नकार दिला. शेवटी तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांनी मदतीचा हात पुढे केला आणि उरलेला भार तिच्या वडिलांनी उचलला. ६०० पौंडांस एक वापरलेले 'जिप्सी मॉथ' विमान विकत घेण्यात आले. पालकहो, त्या मासळीच्या व्यापाऱ्याच्या मनाचा क्षणभर विचार करा. आपल्या मुलीच्या हाती आपणच पैसे ठेवावयाचे, आणि ते कशासाठी, तर ज्या वाटेवरून ती परत येईल याची शाश्वती नाही त्या वाटेसाठी! एमीने विमानास 'जेसन' हे नाव दिले. ते वडिलांच्या पेढीचे व्यापारचिन्ह होते.

हे विमान कसे होते? लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसविलेले कापड, एकावर एक असे दोन पंख आणि १०० अश्वशक्तीचे इंजिन. बसण्याची जागा उघडी. ऊन, पाऊस, वारा सर्व अंगावर घ्यावयाचा. बिनतारी यंत्र नाही. जादा पेट्रोलसाठी टाक्या बसविलेल्या होत्या, परंतु त्यांतील पेट्रोल वरच्या टाकीत चढविण्यास हाताने पंप मारावा लागे, आणि त्याच्या वासाने तिला मळमळून येई. एक जादा पंखा, म्हणजे इंजिनापुढे फिरतो तो, विमानाच्या बाजूस दोऱ्यांनी बांधून घेतलेला होता. शिवाय हत्यारे, औषधाची पेटी, मच्छरदाणी, उन्हाची टोपी आणि एक पिस्तूल.

आता आपण एक छोटेसे गणित करू. तिचा मार्ग वळणावळणाने सुमारे ११,००० मैलांचा होता. कारण विमानास ठिकठिकाणी पेट्रोलासाठी उतरावे लागे, आणि उतरण्याची जागा काही नकाशावरील सरळ रेषेवर सापडत नाही. विमानाचा नित्याचा वेग ताशी सुमारे ८५ मैल. ११,००० ला ८५ ने भागा. सुमारे १३० तास आले, म्हणजे साडेपाच दिवसांहूनही थोडा कमी काळ. मग तिला साडेएकोणीस दिवस का लागले? पाटीवरच्या गणितात जे चौदा दिवस सापडत नाहीत, ते कोठे गेले? या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच तिचा प्रवास.

५ मे १९३० रोजी सकाळी लंडनजवळच्या क्रॉयडन येथून ती निघाली. निरोप द्यावयास वडील व थोडेसे स्नेही एवढीच मंडळी होती. तिने नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषा आखल्या होत्या. हिंकलर रोम व माल्टा यांवरून दक्षिणेकडून गेला होता. आपण मधूनच गेलो तर मैल वाचतील, असा तिचा हिशेब. पहिल्या दिवशी ती व्हिएन्नास पोहोचली, दुसऱ्या दिवशी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, येथे. प्रत्येक मुक्कामी उतरल्यावर विश्रांती नाही. आधी इंजिनातील तेल बदलावयाचे, गाळण्या धुवावयाच्या, ठिणगीचे प्लग पुसावयाचे. हे काम दोनतीन तास चाले, व झोप तेवढीच मिळे. आमच्या चौदा दिवसांतला पहिला वाटा असा रात्रीच्या कंदिलाखाली खर्च झाला.

तिसऱ्या दिवशी पट्टीने आखलेल्या रेषेच्या आड तुर्कस्थानातील टॉरस पर्वत आला. कागदावरून पेन्सिल डोंगरास न अडखळता जाते. विमान जात नाही. वर चढावे तर इंजिन खोकू लागे. शेवटी ती एका दरीत शिरली, जिच्या दोन्ही बाजूंस कडे उभे होते. मध्येच ढगाने तिला गिळले आणि तो फाटला तेव्हा समोर खडकाची भिंत! क्षणात विमान वळवून तिने आपला जीव वाचविला, आणि संध्याकाळी ती सीरियातील अलेप्पोस उतरली.

चौथ्या दिवशी बगदादच्या वाटेवर वाळूचे वादळ उठले. विमान हजारो फूट खाली फेकले गेले, डोळ्यांपुढे काही दिसेना, आणि ती वाळवंटात कोठेतरी टेकली. वाऱ्याने विमान उलटू नये म्हणून तिने आपल्या सामानाच्या पेट्या चाकांस लावल्या व शेपटीवर भार देऊन ती पिस्तूल हाती घेऊन बसून राहिली. दूर कुत्र्यांचे भुंकणे ऐकू येत होते. वादळ ओसरले तेव्हा ती पुन्हा उडाली. बगदादला उतरताना चाकांचा आधार मोडला. तेथील यंत्रज्ञांनी रातोरात नवा करून दिला. पाचव्या दिवशी इराणचे बंदर अब्बास. आणि सहाव्या दिवशी, १० मे रोजी, ती कराचीस येऊन दाखल झाली.

कराची त्या वेळी आपल्या मुंबई इलाख्यातच मोडत असे. लंडन ते हिंदुस्थान हे अंतर हिंकलरने आठ दिवसांत कापले होते, ते या मुलीने सहा दिवसांत कापले. क्रॉयडनला जिच्याकडे कोणी फिरून पाहिले नव्हते, तिचे नाव एका रात्रीत जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले. ती हिंकलरच्या दोन दिवस पुढे होती. असाच वेग राहिला तर साडेपंधरा दिवसांचा विक्रम तिच्या हाती येणार, असे सर्वांस वाटू लागले.

परंतु पुढचा मार्ग वाऱ्याच्या हाती होता. विमानाचा वेग ताशी ८५ मैल खरा, पण समोरून ताशी २० मैलांचा वारा वाहत असेल तर जमिनीवरून ते ६५ मैलच पुढे सरकते, आणि पेट्रोल मात्र ८५ मैलांचे जळते. कराचीहून अलाहाबादेस निघालेल्या एमीस हेच भोवले. वाऱ्याशी झगडता झगडता पेट्रोल संपत आले व तिला झाशीच्या छावणीतील कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. विमान इमारतींमध्ये घुसले आणि एका पंखाची नासधूस झाली. येथे तिला मदत कोणाची झाली? विमानविद्येचे नावही न काढलेल्या आपल्याच देशातील कारागिरांची. झाशीच्या सुताराने पंखाच्या फळ्या सांधल्या, शिंप्याने कापड शिवले. दुसऱ्या दिवशी ती अलाहाबादेवरून कलकत्त्यास पोहोचली.

१३ मे रोजी ती ब्रह्मदेशाकडे निघाली. पाऊस सुरू झाला होता. रंगूनची शर्यतीची जागा शोधता शोधता तिला जवळच्याच इन्सेन गावी धंदेशिक्षणाच्या शाळेचे खेळाचे मैदान दिसले व तीच ती जागा असे समजून ती उतरली. मैदान अपुरे पडले आणि जेसन चरात जाऊन कोसळला. पंख फाटला, पुढचा पंखा मोडला. विमानाचे कापड त्या गावी कोठून मिळावे? तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. पहिल्या महायुद्धानंतर उरलेले विमानाचे कापड तेथे विकले गेले होते व काहींनी त्याचे सदरे शिवून घेतले होते. ते सदरे गोळा करून उसवण्यात आले व त्यांची ठिगळे पंखास लावण्यात आली! लंडनहून बरोबर बांधून आणलेला जादा पंखा पुढे बसविला गेला. शाळेतील शिक्षक व विद्यार्थी यांचेही हात या कामी लागले. परंतु तीन दिवस गेले, आणि त्यांबरोबर विक्रमही गेला.

१६ मे रोजी ती बँकॉकला, १८ रोजी सिंगापुरास. पुढे जावा बेटात वादळापुढे हात टेकून ती उसाच्या एका मळ्याजवळ उतरली, तेव्हा जमिनीत रोवलेल्या बांबूच्या खुंटांनी पंखांस भोके पडली. ती तिने जखमेवर लावावयाच्या चिकटपट्टीने बुजविली. २२ मे रोजी तिमोर बेटावर अंधार पडू लागल्याने ती नेमल्या जागी न पोहोचता एका खेड्याजवळ वारुळांच्या माळावर उतरली. तिची वार्ता कोठेच न लागल्यामुळे इंग्लंडात तिचे आईबाप आणि सारे लोक काळजीत पडले. गावकऱ्यांची भाषा तिला कळेना, तिची त्यांना कळेना. तरी त्यांनी तिची काळजी घेतली.

शेवटचा टप्पा तिमोर समुद्राचा, सुमारे ५०० मैल नुसते पाणी. शार्क माशांच्या त्या समुद्रावर इंजिन बंद पडले तर पुढे काही उरत नाही. २४ मे रोजी सकाळी ती निघाली आणि दुपारी, क्रॉयडन सोडल्यापासून साडेएकोणीस दिवसांनी, तिने डार्विनच्या मैदानावर जेसन टेकविला. लंडनहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उडत जाणारी ती जगातील पहिली स्त्री.

विक्रम मोडला नव्हता, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. हिंकलरहून तिला चार दिवस अधिक लागले होते, व ही खंत तिला स्वतःलाही होती. तरीही जगाने तिला डोक्यावर घेतले. राजाकडून तिला सी. बी. ई. ही पदवी मिळाली आणि एका वृत्तपत्राने १०,००० पौंड दिले. लोकांनी घड्याळ पाहिले नाही. कचेरीत टंकयंत्र चालविणाऱ्या २६ वर्षांच्या मुलीने ठिगळे लावलेल्या विमानातून अर्धी पृथ्वी ओलांडली, एवढेच पाहिले. मात्र कीर्तीचे ओझेही हलके नसते. ब्रिस्बेनला उतरताना सत्कारास जमलेल्या लोकांसमोरच तिचे विमान उलटले, आणि मिरवणुका व भाषणे यांनी ती इतकी थकली की तिची प्रकृती ढासळली.

पुढील काही वर्षांत शहरांमधील अंतरे जणू आखडत चालली, आणि त्या कामी एमीचाही हात होता. जुलै १९३१ मध्ये आपले गुरू जॅक हम्फ्रीज यांना बरोबर घेऊन ती 'पस मॉथ' जातीच्या विमानातून निघाली; एका दिवसात मॉस्को, आणि दहा दिवसांच्या आत टोकियो. ज्याने हत्यार धरावयास शिकविले, त्या गुरूस शिष्येने सैबेरियाच्या आकाशातून नेले, हे चित्र कोणत्याही शाळेस आवडेल. १९३२ साली तिने जिम मॉलिसन या नामांकित वैमानिकाशी विवाह केला. त्याच नोव्हेंबरात लंडन ते केपटाउन हे अंतर तिने एकटीने ४ दिवस ६ तास ५४ मिनिटांत कापले. आधीचा विक्रम साडेदहा तासांनी मोडला, आणि तो तिच्या पतीचाच होता!

याच वर्षी आपल्याकडेही एक संस्मरणीय गोष्ट घडली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे विमान आणले. तेही पस मॉथ जातीचेच होते. ज्या कराचीस लंडनची टपाल विमाने येऊन थांबत, तेथून मुंबई आता काही तासांवर आली.

जुलै १९३३ मध्ये एमी व तिचे पती यांनी वेल्समधून न्यूयॉर्ककडे अटलांटिक महासागरावरून उड्डाण केले. ३९ तास विमान हवेत होते. न्यूयॉर्क हाकेच्या अंतरावर आले असता पेट्रोल संपत आले, आणि ब्रिजपोर्ट येथे काळोखात उतरताना अपघात होऊन दोघेही जखमी झाली. तीन हजार मैलांचा सागर ओलांडला, आणि सुमारे पन्नास मैलांनी वाट अडविली. ऑक्टोबर १९३४ मध्ये इंग्लंड ते मेलबर्न अशी विमानांची मोठी शर्यत झाली. तीत या दांपत्याने कराची सुमारे २२ तासांत गाठली. चारच वर्षांपूर्वी याच कराचीस सहा दिवसांत आली म्हणून एमीचा जयजयकार झाला होता! परंतु पुढे वाट चुकून त्यांना जबलपुरास उतरावे लागले. तेथे विमानास योग्य असे पेट्रोल नव्हते. मोटारींचे हलके पेट्रोल भरावे लागले, इंजिन बिघडले, आणि अलाहाबादेस त्यांची शर्यत संपली. विजयी जोडीने मेलबर्न ७१ तासांत गाठले. १९३६ मध्ये एमीने केपटाउनचा विक्रम पुन्हा आपल्याकडे आणला. या वेळी ३ दिवस व ६ तासांत. तिचा संसार मात्र टिकला नाही. १९३८ मध्ये पतिपत्नी कायद्याने विभक्त झाली.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले. कारखान्यातून निघालेली विमाने लढाऊ दलांच्या तळांवर नेऊन पोहोचविण्यासाठी इंग्लंडात एक साहाय्यक दल उभारण्यात आले होते. १९४० मध्ये एमी त्यात दाखल झाली. या कामात कीर्ती नव्हती, विक्रम नव्हता, जयघोष नव्हता. येथले विमान तेथे न्यावयाचे, पावती घ्यावयाची आणि आगगाडीने परत यावयाचे. एके काळी लाखो लोक जिची वाट पाहत, ती स्त्री ही हमाली निमूटपणे करीत होती.

५ जानेवारी १९४१ रोजी तिला इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्लॅकपूल येथून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टन येथे एक विमान न्यावयाचे होते. अंतर सुमारे १५० मैल. तास-सव्वा तासाचे काम. जिने तिमोर समुद्र एकटीने ओलांडला, तिला हा प्रवास म्हणजे अंगणातून ओसरीवर जाण्यासारखा. परंतु त्या दिवशी आकाशात ढगांचा दाट थर होता, हवा गोठविणारी होती, आणि अशा विमानांतून बिनतारी संदेशाची सोय नसे. दुपारी बाराच्या सुमारास ती निघाली. साडेतीन तासांहून अधिक काळ लोटल्यावर ती किडलिंग्टनच्या पूर्वेस सुमारे शंभर मैलांवर, टेम्स नदी समुद्रास मिळते तेथे, हवाई छत्रीने खाली उतरताना दिसली. ढगांवर वाट चुकून पेट्रोल संपले असावे, असाच सर्वसाधारण समज आहे.

तेथून जहाजांचा एक तांडा जात होता. त्यातील 'हॅसलमियर' या जहाजाने तिला वाचविण्याची शिकस्त केली. पाणी बर्फासारखे, लाटा उसळत्या. फेकलेले दोर तिच्या हाती लागले नाहीत. तेव्हा जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी स्वतः त्या पाण्यात उडी घेतली. ती त्यांच्या हाती लागली नाही. त्यांना बाहेर काढले तेव्हा थंडीने त्यांची शुद्ध हरपली होती, व पुढे ते मरण पावले. एमीची बॅग लाटांवर तरंगताना सापडली. तिचा देह कधीच सापडला नाही. तेव्हा तिचे वय अवघे ३७ वर्षांचे होते.

तिचा जेसन लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आजही टांगलेला आहे. त्याच्याकडे पाहिले म्हणजे इतक्या नाजूक वस्तूने ११,००० मैल कसे कापले, याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

विद्यार्थ्यांनो, आरंभी केलेले गणित आता पुरे करू. साडेएकोणीस दिवसांतून हवेतील तास वजा करता उरलेले चौदा दिवस वाया गेले नाहीत. त्यांत रात्री जागून धुतलेले इंजिन आहे, बगदादच्या यंत्रज्ञांची रात्र आहे, झाशीच्या सुताराचा रंधा व शिंप्याची सुई आहे, इन्सेनच्या लोकांनी उसवून दिलेले सदरे आहेत, आणि तिमोरच्या खेडुतांचे आतिथ्य आहे. दोन शहरांमधील मैल पृथ्वीने ठरविले आहेत. त्यांत कोणास घट करता येत नाही. वेळ मात्र माणसे कमी करतात, आणि ती एकट्याने नव्हे, तर एकमेकांच्या हातांनी. आज १७ तासांत लंडनहून ऑस्ट्रेलियास उतरणारा प्रवासी हे सारे हात न पाहता झोपी जातो, कारण ते आपले काम आधीच करून गेले आहेत.

तसेच हेही विसरू नये की, लांबचा पल्ला ज्या सावधपणाने चालावा, त्याच सावधपणाने जवळचाही चालावा लागतो. वारा, ढग आणि थंडी ही प्रवाशाची कीर्ती पाहून बाजूस होत नाहीत. ११,००० मैलांनी एमी जॉन्सनला जगापुढे आणले आणि १५० मैलांनी तिला जगातून नेले. परंतु त्या दिवशी ती कीर्तीसाठी उडाली नव्हती, तर नेमून दिलेले काम करण्यासाठी उडाली होती. आणि जहाजावरून ज्याने तिच्यासाठी उडी घेतली, त्यानेही आपले कर्तव्य समजूनच ती घेतली. जहाजाचा कठडा आणि पाण्यातील त्या बाईचे हात यांमधील अंतर मैलांत मोजता येण्याजोगे नव्हते, इतके ते थोडे होते. तेवढे अंतर तोडण्यासाठी त्या माणसाने आपले आयुष्य खर्ची घातले. एमी जॉन्सन हिचे चरित्र वाचताना वॉल्टर फ्लेचर हे नावही तुम्ही तिच्या नावाशेजारी लिहून ठेवा.